कळस बघून माघारी फिरणारी माणसं

आमच्या घरात देवांची कामं वाटून दिलेली आहेत, आणि ही वाटणी कधी झाली, कुणी केली हे कुणालाच सांगता येणार नाही. नवस बोलायचा तो खंडोबाला. पोराला नोकरी लागू दे, सुनेची कूस उजवू दे, कोर्टातली केस एकदाची मिटू दे, मग जेजुरीला येऊन तळी भरतो, घरी वाघ्या-मुरळी बोलावून जागरण घालतो. काम झालं की नवस फेडायचा, आणि फेडायला उशीर झाला नि घरात कुणी आजारी पडलं तर पहिली आठवण त्या राहिलेल्या नवसाचीच निघते. अगदी चोख व्यवहार. विठोबाशी मात्र असलं काही नाही. आजी दर आषाढीला पायी जायची, गळ्यात माळ, एकादशीचा उपास कधी चुकला नाही, पण तिने पंढरपूरला जाऊन काही मागितल्याचं मला आठवत नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की आजी तू विठोबाला काय मागितलंस, तर म्हणाली, "त्याला कशाला मागायचं बाबा, त्याला नुसतं भेटायचं असतं."

एकच बाई, एकच मन, श्रद्धा दोन्हीकडे तितकीच खरी, आणि तरी एका देवाशी देणंघेणं आणि दुसऱ्याशी नुसती भेट. मला हे कोडं फार वर्षं पुरलंय. कारण धर्माबद्दल बोलताना आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सगळा धंदा आहे, पैसा बघा कुठे जातो ते बघा, बाकी सगळं वरवरचं. दुसरी म्हणते श्रद्धेचा विषय आहे, तिथे पैशाचं नावच काढू नका. मला दोघांचंही पटत नाही. माणूस खरोखर मानतो म्हणूनच करतो, पण तो काय करतो, कसं करतो, त्यातलं काय वाढतं आणि काय सुकून जातं, हे बऱ्याच वेळा त्या मानण्याभोवती कुणाचा फायदा कसा बांधलेला आहे यावर ठरतं. आणि वारकऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं असं मला वाटतं, आपण आज इन्सेन्टिव्ह वगैरे शब्द वापरतो, त्यांनी शब्द न वापरता नियम करून ठेवले.

पंढरपूरचंच बघा. विठ्ठलाच्या देवळात पिढ्यानपिढ्या बडव्यांचा वंशपरंपरागत हक्क होता, रुक्मिणीकडे उत्पातांचा, आणि त्यांच्या जोडीला सेवाधारी, म्हणजे पुजारी, मंत्र म्हणणारे बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, मशाल धरणारे दिवटे, चांदीचा दंड घेऊन उभे राहणारे डांगे. प्रत्येकाचं काम ठरलेलं, मान ठरलेला, वाटा ठरलेला आणि या वाट्यांवरून त्यांच्यात आपापसात पिढ्यानपिढ्या कज्जेही चाललेले. त्यात देवापुढे जमणारं जे उत्पन्न, त्याच्या हक्काचा बडवे मंडळींमध्ये लिलाव व्हायचा. ज्याची बोली वरची त्याला त्या दिवसाचं देवापुढचं उत्पन्न.

आता हे जरा डोळ्यांपुढे आणा. एका माणसाने बोली लावलीय, रक्कम कबूल केलीय, आणि ती भरून निघायला हातात एवढाच वेळ आहे. समोरून रांग येतेय, कुणी विदर्भातनं आलाय, कुणी मराठवाड्यातनं, पायाला फोड आलेत, तो पायावर डोकं ठेवतोय आणि डोकं वर यायच्या आत त्याच्याकडून काहीतरी पडलं पाहिजे. नाही पडलं तर पुढे व्हा, पडलं तर जरा थांबा. तो बडवा मनाने वाईट असायची गरजच नाही. तो पहाटे उठून सोवळं नेसून काकड्याला उभा राहणारा, विठोबाला घरचा देव मानणारा माणूस असेल, आणि याच घराण्यांनी आक्रमणांच्या काळात मूर्ती हलवून, लपवून वाचवली असंही परंपरा सांगते. पण बोली लावल्यावर त्याच्या हातात फार काही राहत नाही. त्याच्या जागी मी असतो, तुम्ही असता, आजीचा भाऊ असता, तरी हात तसाच पुढे झाला असता. मला म्हणूनच "बडवे वाईट होते" हे वाक्य आवडत नाही. वाईट होती ती मांडणी. तिने देवाच्या पायाशी एक वसुलीची जागा तयार केली आणि त्या जागेवर जो बसेल तो तसाच वागणार होता.

ती मांडणी मोडायला किती वेळ लागला बघा. तक्रारी वाढल्या म्हणून सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, त्याच्यानंतर १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला आणि वंशपरंपरेचे हक्क रद्द झाले, पण कोर्टात ते प्रकरण चाललं ते चाललंच, शेवटी जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बडवे-उत्पातांचं अपील फेटाळलं तेव्हा कुठे विषय संपला. चाळीस वर्षं. त्यानंतर त्याच वर्षी मंदिर समितीने पुजेसाठी माणसं नेमायची जाहिरात दिली, सगळ्या जातींना खुली, बायकांनाही खुली. आमच्या घरी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली गेली होती आणि चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते बराच वेळ काही बोलले नव्हते, मग एवढंच म्हणाले की आई असायला पाहिजे होती.

इथपर्यंत कुणी म्हणेल, बघा, म्हणजे सगळं पैशावरच येतं की. नाही ना येत. १९४७ सालचं बघा. साने गुरुजी मे महिन्याच्या १ तारखेला पंढरपुरात उपोषणाला बसले, मागणी एकच, विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना उघडा. त्या आधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी गावोगावची देवळं, विहिरी उघडून घेतल्या होत्या. दहा दिवस उपोषण चाललं आणि देऊळ उघडलं. आता निव्वळ पैशाचा हिशोब लावला तर देवळातल्या हक्कदारांनी गुरुजींना उलट हार घालायला पाहिजे होते, कारण लाखो नवे भक्त आत येणार, प्रत्येकजण पायाशी काही ना काही ठेवणार. पण झालं उलटंच. विरोध झाला, कडाडून झाला. आणि देऊळ उघडायच्या आधी काही सनातनी मंडळींनी मूर्तीतलं तेज मंत्राने काढून एका घागरीत भरून घेतलं असं सांगतात. म्हणजे आता आत जे येतील त्यांना नुसता दगड भेटेल, देव आमच्याकडे घागरीत आहे.

मला ही घागर डोक्यातून जात नाही. इथे पैसा हरला. समोर उत्पन्न वाढत असताना माणसं ते नको म्हणाली, कारण त्यांना खरोखर वाटत होतं की देव बाटतो. हीसुद्धा श्रद्धाच होती, आणि तीच सगळ्यात घातक होती. लालची माणसाला तुम्ही दुसरा फायदा दाखवून वळवू शकता, पण ज्याला मनापासून वाटतं की तुझ्या स्पर्शाने देव बाटेल त्याला काय दाखवणार? त्याच्यासमोर एका माणसाला जीव पणाला लावून बसावं लागलं. अर्थात त्या मानण्याच्या पोटातही काही मिळकत होतीच, पैशाची नसली तरी वरच्या पायरीवर उभं राहण्याची. आत कोण जाणार हे ठरवायचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याला तो अधिकार रुपयापेक्षा मोठा वाटत असणार. पण तो माणूस मनात तसा हिशोब करत नव्हता हेही तितकंच खरं, आणि म्हणूनच ते बदलायला इतकं जड गेलं.

मग शेकडो वर्षं ज्यांना आत जाताच येत नव्हतं त्यांनी काय केलं? मला वारकरी संप्रदायातली सगळ्यात मोठी गोष्ट इथे दिसते. चोखोबा आत जाऊ शकले नाहीत, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. नामदेवांनी तर मोठे संत असून पायरीची जागा मागून घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून, आणि आजही लोक आधी नामदेव पायरीला हात लावतात, तिथे पाय देत नाहीत. हळूहळू अशी समजूत घट्ट झाली की चंद्रभागेत अंघोळ केली, नगरप्रदक्षिणा घातली, कळस बघितला, वारी पोचली. आषाढीला आजसुद्धा पंढरपुरात जे लाखो लोक येतात त्यातले किती तरी जण गाभाऱ्यापर्यंत जातच नाहीत. दर्शनबारीची रांग गोपाळपूरच्याही पुढे गेलेली असते, वीस-वीस, तीस-तीस तास लागतात, आणि हे लोक पंधरा-वीस दिवस चालून येतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि गावाकडच्या एसटीत बसतात. शहरातल्या माणसाला हे कळत नाही, इतकं चाललास आणि दर्शन न घेताच आलास? पण त्याच्या दृष्टीने दर्शन झालेलं असतं.

यात एक शहाणपण आहे. ज्या दारावर दुसऱ्याचा ताबा आहे त्या दारावाचून आपलं अडणार नाही अशी श्रद्धा त्यांनी घडवली. दार बंद करणाऱ्याच्या हातातली किल्लीच निकामी करून टाकली. बडव्यांकडे गाभारा होता, पण कळस कुणाच्या मालकीचा नव्हता, वाट कुणाच्या मालकीची नव्हती, नाम तर नव्हतंच नव्हतं. अपमानातून निघालेली ही समजूत आहे हे विसरून तिचं नुसतं कौतुक करत बसणं बरोबर नाही, चोखोबांना बाहेर ठेवलं गेलं होतं, ते हौसेने बाहेर उभे नव्हते. पण त्या बाहेर ठेवलेल्या माणसांनी जे उभं केलं ते आतल्यापेक्षा मोठं झालं हेही खरंच आहे.

आणि याच्या बरोबर उलट काय चाललंय तेही बघा. आषाढीच्या पहाटे शासकीय महापूजा होते, मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात आणि त्यांच्या शेजारी एक मानाचं वारकरी जोडपं असतं. ते रांगेत पुढे असलेल्यांमधून निवडतात, त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या जोडप्याचा आनंद बघून मलाही आनंद होतो, बहुतेक वेळा साधी शेतकरी माणसं असतात. पण मान कुणाला मिळतोय, तर रांगेत उभं राहणाऱ्याला. कळस बघून परत फिरलेल्या म्हातारीला असा मान कधीच मिळणार नाही, कारण ती सरकारला सापडणारच नाही. एकेका मानाने लोकांना काय शिकवलं जातं ते असं गपचूप शिकवलं जातं.

माळेबद्दल पण बोललं पाहिजे. तुळशीची माळ घालणं म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एक धार्मिक खूण वाटते. गावात तिचा अर्थ फार वेगळा आहे. माळ घेताना काय कबूल करायचं, तर मांस-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी करायची, वर्षातून एक तरी वारी करायची. माळ देणारा महाराज ती ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घालतो, त्याचे पैसे घेत नाही. कागद नाही, फी नाही, रजिस्टर नाही. पण त्या दिवसापासून अख्खं गाव त्या माणसावर नजर ठेवतं. आमच्या गल्लीत एक जण होता, ट्रॅक्टर चालवायचा, संध्याकाळी कधी शुद्धीत नसायचा. त्याच्या बायकोने माहेरच्यांना, दिराला, सगळ्यांना मध्ये घालून त्याला माळ घालायला लावली. पहिले काही महिने तो जेव्हा जेव्हा गुत्त्याच्या रस्त्याने निघायचा तेव्हा कुणीतरी हटकायचं, "काय माळकरी, कुठं निघाले?" बास. एवढंच. तो परत फिरायचा. पुढे दुकानदार त्याला उधारी द्यायला लागला, ट्रॅक्टर चालवायला स्वतःहून लोक बोलवायला लागले, पोरीच्या लग्नाला स्थळं आली, माळकऱ्याचं घर म्हणून. आता याने माळ देवासाठी घातली का बायकोसाठी का उधारीसाठी? मी त्याला कधी विचारलं नाही, पण आज तो पहाटे काकड्याला सगळ्यात आधी येतो आणि हरिपाठ तोंडपाठ म्हणतो, आणि ते कुणासाठी दाखवायला नाही हे त्याच्या चेहऱ्यावर कळतं. सुरुवात धाकाने झाली, वर लाभ मिळाला, आणि मागून भक्ती आली. असं होऊ शकतं. आधी मन शुद्ध मग कृती हा क्रम पुस्तकात असतो, गावात बऱ्याचदा उलटा असतो.

कीर्तनाचं मात्र मला मनापासून दुःख होतं. तुकोबांनी कीर्तनकाराला जो नियम घालून दिला तो इतका कडक आहे की वाचून आजही दचकायला होतं. जिथे कीर्तन करायचं तिथे जेवायचं नाही, कपाळाला बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात हार घालून घ्यायचा नाही, एवढंच काय बैलाला वैरण-दाणा मागायचा नाही, आणि पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जाणार. दोघेही! घेणाऱ्याला दोष देणारे खूप सापडतात, पण देणाऱ्यालाही तितकाच दोषी धरणारा माणूस व्यवहार किती जवळून ओळखत होता. वाण्याच्या घरात वाढलेला, दुकान सांभाळलेला, दुष्काळात सगळं बुडालेलं बघितलेला माणूस तो. त्याला पक्कं माहीत होतं की बुक्का नि हार चालू केला की पुढे पाकीट येणार, आणि पाकीट आलं की कीर्तन ऐकणाऱ्याला काय आवडेल त्याप्रमाणे वळणार. म्हणून त्याने पहिल्या पायरीवरच दार लावून टाकलं.

आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होतो. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. त्याची मीटिंग मारुतीच्या पारावर बसते. पूर्वी त्या मीटिंगमध्ये चर्चा असायची की वीणा कुणाच्या पहाऱ्यात किती वाजता, पारायणाला कोण कोण बसणार, कारण वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते आणि रात्री दोन ते चारचा पहारा कुणालाच नको असतो. मागच्या मीटिंगला मी बसलो होतो तर अर्ध्याहून जास्त वेळ "तारीख कुणाची मिळते" यात गेला. एकाने मोबाईल पुढे केला, यूट्यूबवर अमुक महाराजांचे इतके लाख व्ह्यूज, दुसरा म्हणाला त्यांची तारीख वर्षभर नाही, तिसऱ्याने बिदागीचा आकडा सांगितला आणि तो आकडा आमच्या अख्ख्या सप्ताहाच्या किराण्यापेक्षा मोठा होता. तरी ठरलं, काल्याला तेच आणायचे, कारण शेजारच्या गावाने गेल्या वर्षी आणले होते.

ते आले, गर्दी तुडुंब झाली, आणि दोन तासातले किती तरी वेळ सुना, पोरींचे कपडे, मोबाईल, यांच्यावरचे विनोद झाले. लोक हसले. बायकाही हसल्या, पण माझ्या शेजारी उभी असलेली कॉलेजातली एक पोरगी खाली मान घालून निघून गेली ते मी बघितलं. अभंगाचं पहिलं चरण सुरुवातीला म्हटलं होतं, त्याचा अर्थ शेवटपर्यंत आलाच नाही. मी त्या महाराजांनाही दोष देत नाही, खरंच. ज्या तुकड्याला व्ह्यूज मिळतात तोच तुकडा वाढत जाणार, ज्याला तारखा मिळतात त्याचीच नक्कल बाकीचे करणार. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे पोरं चार वर्षं राहून ज्ञानेश्वरी, गाथा, विचारसागर असा अभ्यास करायची, एके काळी माधुकरी मागून. तिथून शिकून आलेला, शांतपणे ओवी सोडवून सांगणारा एक तरुण महाराज आमच्याकडे सप्ताहात दुसऱ्या दिवशी कीर्तनाला होता. समोर पन्नास-साठ माणसं. त्याला जाताना जे पाकीट दिलं त्यात मोटारसायकलचं पेट्रोल निघालं असेल फार तर. तो पोरगा आणखी पाच वर्षांनी काय करेल? एक तर कीर्तन सोडेल, नाही तर विनोद शिकेल. आणि हे त्याला शिकवणारे आपण आहोत, पारावर बसून तारीख ठरवणारे.

आमच्याच भागात दुसरं एक उदाहरण आहे ज्याने मला नेहमी धीर येतो. गोदावरीतल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा सप्ताह. पावणेदोनशे वर्षांची परंपरा, दर वर्षी वेगळ्या गावाला, आणि आपल्याकडे सप्ताह यावा म्हणून गावं अक्षरशः मागे लागतात. माणसं लाखांनी येतात. एवढ्यांना जेवायला घालणार कसं, तर आमटी तिथे मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी येतात आजूबाजूच्या गावांतून. घरोघर भाकरी थापल्या जातात, फडक्यात बांधून गोळा होतात, टेम्पो, ट्रॅक्टर भरभरून येतात आणि तिथे भाकरींचे ढीग लागतात. बाजरीची, ज्वारीची, जाड, पातळ, एखादी करपलेली, सगळी एकात एक. पंगतीत तुमच्या पुढ्यात पडलेली भाकरी कुठल्या गावची, कुठल्या जातीच्या घरची, कुणी थापली, कुणाला कळायचा मार्गच नाही. माझी चुलती दर वेळी भाकरी द्यायची आणि आपल्या घरातल्या रोजच्यापेक्षा चांगलं पीठ त्याला काढायची. कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. मी तिला एकदा म्हटलंही की काकू कुणाला समजतंय कुठलं पीठ आहे ते, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोललो नाही.

आता आमच्याच गावच्या सप्ताहाचा फ्लेक्स बघा. वेशीवर दहा बाय वीसचा. वर संत, मग नेते, मग अन्नदात्यांचे फोटो, पहिल्या दिवसाची पंगत अमुक, दुसऱ्या दिवसाची तमुक. यातून पैसा जमतो हे नाकारण्यात अर्थ नाही, फ्लेक्स आल्यापासून वर्गणीसाठी दारोदार फिरावं लागत नाही. पण मग पंगतींची चढाओढ लागते, एकाने बुंदी केली की दुसरा गुलाबजाम करतो, आणि ज्याच्याकडे पंगत द्यायची ऐपत नाही तो हळूहळू नुसता जेवायला येणारा होतो. पूर्वी तोच माणूस दोन भाकरी घेऊन यायचा आणि सप्ताह त्याचाही असायचा. नाव छापलं की देणारे मोठे होतात आणि थोडे होतात. बिननावाच्या भाकरीत सगळेच देणारे असतात.

याचा अर्थ मान-सन्मान काढून टाका असा होत नाही, माणसाला मान लागतोच, वारीतही आहे. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप हैबतबाबा आरफळकरांनी दिलं, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबारातले सरदार ते, आणि त्यांची ती लष्करी शिस्त सोहळ्यात अजून दिसते. रथापुढे कुठली दिंडी, रथामागे कुठली, कितव्या नंबरला, अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व आणि तंबू, सगळं ठरलेलं. त्या नंबरावर लोक जीव टाकतात. पण तो मान विकत मिळत नाही. आणि मानापेक्षा मोठी एक गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे संध्याकाळची समाज आरती. तळावर सगळ्या दिंड्या येतात, टाळ-मृदुंगाचा कल्लोळ चाललेला असतो, चोपदार दंड वर करून "हो" अशी आरोळी देतो आणि एका क्षणात हजारो टाळ बंद. आणि ज्या दिंडीची काही तक्रार आहे तिने काय करायचं, तर टाळ वाजवत राहायचं. सगळे गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळ चालू. चोपदार तिकडे जातो, विचारतो, तक्रार ऐकतो, तिचं काहीतरी केल्याशिवाय आरती पुढे जात नाही. साध्या, बिननावाच्या दिंडीला सगळा सोहळा थांबवायचा हक्क आहे. अण्णा त्यांच्या दिंडीबरोबर आळंदीहून चालतात, ते म्हणतात की ग्रामपंचायतीत आमचं एवढं कुणी ऐकत नाही.

दिंडीचा खर्च भिशीवर चालतो. चालणाऱ्या प्रत्येकाने भिशी द्यायची, त्यात जेवण, ट्रक, तंबू, पाण्याचा टँकर. ज्याला जमत नाही त्याची दुसरा कुणी भरतो, तेही न सांगता. २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने दिंडीमागे २०,००० रुपये जाहीर केले तेव्हा अण्णांच्या दिंडीत यावरून दोन तट पडले. एक म्हणे, टँकरचा खर्च निघतो, डिझेल कुठे गेलंय बघा, शेतकऱ्याच्या खिशात काय उरलंय, आणि त्यांचं चूक नव्हतं. दुसरे म्हणे, आज पैसे घेतले तर उद्या बॅनर लावायला सांगतील, परवा कुठल्या तरी सभेला बोलवतील, आणि भिशी कमी झाली की माणूस दिंडीत पाहुण्यासारखा राहायला लागेल. अण्णा दुसऱ्या बाजूचे. मी तेव्हा पहिल्या बाजूने बोललो होतो आणि अजूनही डॉक्टर, पाणी, संडास, रस्ता हे सरकारने द्यावंच असं मला वाटतं, ते सगळ्यांना सारखं मिळतं. पण दिंडीच्या नावाने येणारा चेक वेगळा. त्यासाठी नोंदणी लागते, अध्यक्ष लागतो, खातं लागतं, आणि जिथे खातं आलं तिथे खात्यावर सही कुणाची हा प्रश्न आला.

२०२० साली वारी झालीच नाही, म्हणजे आपण जिला वारी म्हणतो ती. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी होती, देऊळ भक्तांना बंद. रांग नाही, कळस नाही, रिंगण नाही, गर्दी नाही, पंगत नाही, कुणी "माउली" म्हणून पाया पडणारं नाही. म्हणजे वारीतून माणसाला जे जे काही मिळतं असं कुणीही मोजून दाखवेल ते सगळं शून्य. अण्णांनी त्या दिवसांत रोज पहाटे उठून शेतातल्या बांधावरून चालायला सुरुवात केली. आज पालखी कुठल्या मुक्कामी असती हे त्यांना पाठ, सासवडला असती, जेजुरीला असती, लोणंदला असती, तेवढं ते हरिपाठ म्हणत चालायचे. गावात आणखी काही जण असंच करत होते हे नंतर कळलं, एकमेकांना न सांगता. सगळे फायदे काढून घेतल्यावर जे उरलं ते बऱ्यापैकी मोठं होतं. ते मुळात होतं म्हणून वारी टिकली, पण त्याला जपणारे नियम होते म्हणून ते उरलं, असं मला वाटतं.

येत्या सप्ताहाच्या मीटिंगला मी मांडणार आहे की फ्लेक्सवर फक्त कार्यक्रम छापायचा, नावं नाही, फोटो नाही. काल्याला तो आळंदीचा तरुण महाराज बोलवायचा. आणि एक दिवस तरी पंगत न ठेवता आमटी-भाकरी करायची, घरटी पाच भाकरी. अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले नावं काढलीस तर निम्मे अन्नदाते गळतील, आणि गर्दी कमी झाली की लोक म्हणतील सप्ताह पडला. खरं आहे, गळतील. पण आमच्या गावात सव्वातीनशे उंबरे आहेत, घरटी पाच म्हणजे सोळाशेच्या वर भाकरी होतात, आमटीची कढई मठात पडून आहे, आणि गल्लीतल्या बायकांशी काकू आधीच बोलून बसलीय.